एस ड्राइव्हवर रोज लाल फुली येते: पुन्हा मॅप करण्याआधी काय बघायचं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर लगेच कळेल. विंडोज सर्व्हर २०१९ आहे, डोमेन आहे (म्हणजे सगळ्यांची खाती आणि परवानग्या एकाच ठिकाणी सांभाळल्या जातात), डीएचसीपी (संगणकांना आयपी पत्ते वाटणारी सेवा) आणि डीएनएस (नावावरून आयपी पत्ता सांगणारी सेवा) त्याच सर्व्हरवर आहेत, ३२ संगणक आहेत. सर्व्हरवरचं सामायिक फोल्डर सगळ्यांकडे एस ड्राइव्ह म्हणून दिसतं. गेले दोन महिने रोज सकाळी पाच-सहा जणांच्या एस ड्राइव्हवर लाल फुली येते आणि ते पाच-सहा जण रोज वेगळे असतात. विंडोज ११ च्या चार नव्या लॅपटॉपवर स्टोअर्समधला जुना एनएएस (नेटवर्कला जोडलेली, फायली साठवायची पेटी) उघडतच नाही. अकाउंट्समध्ये टॅली 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' करून उघडलं की एस ड्राइव्ह गायब होतो. एका मॅडमनी पासवर्ड बदलल्यापासून त्यांचं खातं दिवसातून दोन-तीनदा लॉक होतं. देखभालीचा मुलगा येतो, डिसकनेक्ट करतो, पुन्हा मॅप करून (म्हणजे एस हे अक्षर त्या फोल्डरला परत जोडून) जातो, आणि दुसऱ्या दिवशी पहिले पाढे पंचावन्न.

ही एक तक्रार नाही, चार वेगवेगळ्या तक्रारी आहेत. सगळ्यांचं लक्षण एकच दिसतं म्हणून त्यांना एकच औषध दिलं जातंय. पुन्हा मॅप केल्याने त्या घटकेला काम होतं, पण खरं कारण सांगणारा एरर पुसला जातो. म्हणून पहिली विनंती: उद्यापासून कारण नोंदवल्याशिवाय कुणीही ड्राइव्ह डिसकनेक्ट करायचा नाही.

एस हे अक्षर म्हणजे एका लांब पत्त्याला दिलेलं टोपणनाव. खरा पत्ता म्हणजे दोन उलटे स्लॅश, सर्व्हरचं नाव, पुन्हा एक उलटा स्लॅश आणि शेअरचं नाव. हे टोपणनाव त्या संगणकाला दिलेलं नसतं, त्या माणसाच्या त्या लॉगिनला दिलेलं असतं. ही गोष्ट पुढे टॅलीच्या वेळी लागेल. एस ड्राइव्हवर क्लिक केलं की विंडोज आधी सर्व्हरच्या नावावरून आयपी पत्ता शोधतं, मग त्या पत्त्यावर ४४५ क्रमांकाच्या पोर्टवर जोडणी करतं, मग आपण कोण ते सर्व्हरला पटवून देतं, आणि शेवटी सर्व्हर शेअरची व फोल्डरची परवानगी तपासतो. यातलं काहीही अडलं तरी वापरणाऱ्याला दिसते ती तीच लाल फुली.

त्यामुळे फुली दिसली की विंडोज आणि आर ही बटणं दाबून रनच्या चौकटीत तो पूर्ण पत्ता टाइप करा. पत्ता उघडला आणि एस उघडला नाही, तर दोष मॅपिंगचा. पत्ताच उघडला नाही, तर मॅपिंगला हात लावून उपयोग नाही, दोष खालच्या पायरीवर आहे. मग साधा कमांड प्रॉम्प्ट उघडा, अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा नको. तिथे 'नेट यूज' लिहून पुढे तोच पत्ता द्या. एक्सप्लोररची खिडकी लांबलचक इंग्रजी वाक्य दाखवते, कमांड प्रॉम्प्ट आकडा देतो. आकडा कागदावर लिहून घ्या.

५३ म्हणजे सर्व्हरपर्यंत पोचताच आलं नाही: नाव सापडलं नाही किंवा ४४५ वर कुणी उत्तर दिलं नाही. एक्सप्लोररमध्ये हाच एरर शेवटी ३५ असलेल्या लांब कोडच्या रूपात दिसतो, कारण सोळाच्या पायातला ३५ म्हणजे आपला ५३. ६७ आला तर बहुधा शेअरचं नाव चुकलंय किंवा कुणीतरी फोल्डरचं शेअरिंग काढलंय. ५ म्हणजे ओळख पटली, पण परवानगी नाही. १३२६ म्हणजे नाव किंवा पासवर्ड चुकीचा. ८५ म्हणजे ते अक्षर आधीच वापरात आहे. १२१९ आणि १२७२ वर पुढे सविस्तर लिहितो, कारण तुमच्याकडे हे दोन्ही निघतील असं मला वाटतं.

आता सकाळची फुली. माणसं रोज बदलतात, हे तुम्ही लिहिलंत ते फार कामाचं आहे. एकाच माणसाला रोज त्रास होत असता तर मी त्याच्या संगणकाकडे बघितलं असतं. माणसं बदलतात तेव्हा मी नेटवर्क पत्ते कोण वाटतंय ते बघतो.

चाकणच्या एका छोट्या कारखान्यात हुबेहूब हेच होतं. सकाळी काहींना सर्व्हर सापडायचा, काहींना नाही. इंटरनेट मात्र सगळ्यांचं चालू, म्हणून नेटवर्कवर कुणालाच शंका येईना. तिथे एका अडलेल्या संगणकावर 'आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल' चालवलं आणि दोन ओळी बघितल्या: 'डीएचसीपी सर्व्हर' आणि 'डीएनएस सर्व्हर्स'. दोन्हींसमोर १९२.१६८.१.१ होतं. सर्व्हरचा आयपी होता १९२.१६८.१.१०. म्हणजे या संगणकाला पत्ता देणारा दुसराच कुणीतरी होता. कुणीतरी मोबाइलला वायफाय मिळावं म्हणून घरचं राउटर आणून भिंतीवरच्या सॉकेटला जोडलं होतं, आणि केबल खोचली होती राउटरच्या लॅन पोर्टमध्ये. तेव्हापासून ते राउटर अख्ख्या ऑफिसला पत्ते वाटत होतं. नवा पत्ता मागणाऱ्या संगणकाला ज्याचं उत्तर आधी पोचेल त्याचा पत्ता मिळतो, म्हणून रोज वेगळी माणसं अडकायची. राउटरने दिलेल्या डीएनएसला तुमच्या डोमेनची काहीच माहिती नसते. त्याला सर्व्हरचं नाव विचारलं तर ते 'असं नाव नाही' म्हणून मोकळं होतं.

स्विच साधा होता, कुठल्या पोर्टवर काय आहे ते सांगणारा नव्हता. मग एका लॅपटॉपवर १९२.१६८.१.१ ला सतत पिंग लावून ठेवला आणि जेवणाच्या सुट्टीत स्विचमधली एकेक केबल काढून परत लावत गेलो. अठराव्या केबलला पिंग थांबला. केबलचा माग काढत गेलो तर टाइम ऑफिसच्या कपाटामागे राउटर सापडलं, वर धुळीचा थर. ते काढलं, संगणक पुन्हा सुरू केले, आणि लाल फुल्या त्या दिवसापासून बंद झाल्या.

तुमच्याकडे राउटर निघेलच असं नाही. पण त्याच दोन ओळींत दुसरा नेहमीचा दोष दिसतो: डीएनएसच्या जागी सर्व्हरचा आयपी आणि खाली जोडीला ८.८.८.८, म्हणजे गूगलचं सार्वजनिक डीएनएस. इंटरनेट अडू नये म्हणून हे 'बॅकअप' टाकायची बऱ्याच जणांना सवय आहे. डोमेनमधल्या संगणकावर ते टाकू नये. सर्व्हरने उत्तर द्यायला उशीर केला की विंडोज दुसऱ्या डीएनएसकडे जातं आणि काही काळ त्यालाच विचारत राहतं. त्या बाहेरच्या डीएनएसला तुमचा सर्व्हर माहीत असणं शक्यच नाही, आणि त्याने 'नाही' म्हटलं की विंडोज पुढे शोधत नाही. छोटं नाव कधी कधी नेटवर्कवर हाक मारूनही सापडतं, म्हणून हा दोष अधूनमधून दिसतो आणि माणसाला वेड लावतो. संगणकांना डीएनएस म्हणून फक्त आपला सर्व्हर द्या. बाहेरच्या नावांसाठी फॉरवर्डर (सर्व्हरला माहीत नसलेली नावं पुढे जिथे विचारायची तो पत्ता) म्हणून हवं तर ८.८.८.८ टाका, पण ते सर्व्हरच्या डीएनएसमध्ये.

पत्ते आणि डीएनएस दोन्ही बरोबर निघाले, तर मग बघा की फुली असलेल्या ड्राइव्हवर डबल क्लिक केल्यावर तो उघडतो का. उघडत असेल तर दोष वेळेचा आहे. विंडोज लवकर लॉगिन करून देतं, तोवर नेटवर्क पूर्ण उभं राहिलेलं नसतं, मॅपिंगचा पहिला प्रयत्न फसतो आणि 'कुड नॉट रीकनेक्ट ऑल नेटवर्क ड्राइव्ह्ज' असा संदेश येतो. ग्रुप पॉलिसीमध्ये (सर्व्हरवरून सगळ्या संगणकांना सेटिंग देण्याची सोय) कॉम्प्युटर कॉन्फिगरेशनखाली सिस्टम, त्यात लॉगऑन, तिथे 'ऑलवेज वेट फॉर द नेटवर्क' या शब्दांनी सुरू होणारं सेटिंग आहे, ते चालू करा. लॉगिनला काही सेकंद जास्त लागतील, तेवढं सोसायचं.

दुपारी जेवून आल्यावर दिसणारी फुली वेगळी. सर्व्हर १५ मिनिटं काही हालचाल नसलेली जोडणी सोडून देतो आणि फाइल उघडली की ती आपोआप परत जुळते. एक्सेल, वर्डला फरक पडत नाही. काही जुनी अकाउंटिंगची आणि स्टॉकची सॉफ्टवेअर मात्र जोडणी तुटलेली दिसली की लगेच एरर देतात. तशी तक्रार असेल तरच सर्व्हरवर 'नेट कॉन्फिग सर्व्हर'मधलं ऑटोडिसकनेक्ट उणे १ करा, म्हणजे ही मुदत बंद होते. फक्त फुली दिसते म्हणून बदलू नका.

आता मॅडमच्या खात्याबद्दल. त्यांनी नवा पासवर्ड ठेवला, पण कुठेतरी जुना जपून ठेवलेला आहे आणि कुणीतरी तोच सर्व्हरकडे पुन्हा पुन्हा पाठवतंय. आधी त्यांच्या संगणकावर कंट्रोल पॅनेलमधलं क्रेडेन्शियल मॅनेजर उघडा, 'विंडोज क्रेडेन्शियल्स'मध्ये सर्व्हरच्या नावाची किंवा आयपीची नोंद असेल तर काढून टाका. पुन्हा मॅप करताना 'रिमेंबर माय क्रेडेन्शियल्स'वर खूण करायची सवय असते, तिथून ही नोंद येते. डोमेनमधल्या संगणकावर त्या खुणेची गरजच नसते, लॉगिनची ओळखच पुढे चालते.

एवढ्याने थांबलं नाही तर डोमेन कंट्रोलरच्या (डोमेनची खाती सांभाळणाऱ्या सर्व्हरच्या) सिक्युरिटी लॉगमध्ये ४७४० क्रमांकाची नोंद शोधा. खातं लॉक झालं की ही नोंद पडते आणि कुठल्या मशीनवरून चुकीचे प्रयत्न झाले त्याचं नाव तिच्यात असतं. माझ्या अनुभवात ते नाव बरेचदा झेरॉक्स मशीनचं निघतं. स्कॅन केलेला कागद थेट फोल्डरमध्ये जावा म्हणून कुणीतरी कधी काळी त्या मशीनमध्ये स्वतःचं नाव आणि पासवर्ड भरलेला असतो आणि नंतर विसरलेला असतो. स्कॅनिंगसाठी वेगळं खातं काढा, त्याला फक्त स्कॅनच्या एका फोल्डरमध्ये लिहायची परवानगी द्या. माणसाचा पासवर्ड मशीनमध्ये ठेवू नये.

जपून ठेवलेल्या पासवर्डचाच दुसरा परिणाम म्हणजे १२१९. एका लॉगिनमधून एकाच सर्व्हरला दोन वेगळ्या नावांनी जोडता येत नाही. समजा पॉलिसीने एस ड्राइव्ह त्या माणसाच्या नावाने जोडला, आणि मग देखभालीच्या मुलाने त्याच सर्व्हरचं दुसरं फोल्डर अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या नावाने मॅप करायचा प्रयत्न केला, तर विंडोज १२१९ देऊन थांबवतं. इथे आयपी वापरला तर जमतं, कारण विंडोजच्या लेखी ते दुसरं मशीन. म्हणून कित्येक ऑफिसांत अर्धे ड्राइव्ह नावाने आणि अर्धे आयपीने जोडलेले सापडतात. असं करू नका. सर्व्हरचा आयपी बदलला त्या दिवशी अर्धं ऑफिस बंद पडतं, आणि आयपीने जोडलं की सहसा केर्बेरॉस (डोमेनमध्ये ओळख पटवण्याची नेहमीची पद्धत) बाजूला राहून जुनी एनटीएलएम ओळख वापरली जाते. 'नेट यूज' एवढंच लिहून यादी बघा, नको त्या जोडण्या काढा, लॉगऑफ करून परत या, आणि ज्याला फोल्डर हवंय त्याच्याच नावाला परवानगी द्या.

ओळखीच्या संदर्भात जुन्या डेस्कटॉपची एक गोष्ट. मदरबोर्डवरची गोल बॅटरी संपली की वीज गेल्यावर घड्याळ काही वर्षं मागे जातं. केर्बेरॉसला सर्व्हर आणि संगणकाच्या वेळेत ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही. पासवर्ड बरोबर, केबल बरोबर, तरी ड्राइव्ह नाही, असं झालं की कोपऱ्यातलं घड्याळ बघा, तारखेसकट. बॅटरी बदलायला दहा मिनिटं लागतात.

नवे लॅपटॉप आणि एनएएस. आधी लॅपटॉपवर 'विनव्हर' चालवून आवृत्ती बघा. होम असेल तर तो डोमेनमध्ये येऊच शकत नाही, पॉलिसीतून येणारा एस ड्राइव्हही त्याला मिळणार नाही. प्रो आणि २४एच२ असेल, तर कारण हे: या आवृत्तीपासून विंडोज ११ प्रो आपण होऊन दोन गोष्टींवर अडून बसतं. समोरच्याने एसएमबी (नेटवर्कवरून फायली देण्याघेण्याची विंडोजची पद्धत) पाकिटांवर डिजिटल सही केली पाहिजे, आणि बिनपासवर्डाचा पाहुणा म्हणून आत जायचं नाही. जुने एनएएस बहुतेक वेळा पाहुण्यालाच दार उघडून ठेवलेले असतात. त्यामुळे १२७२ येतो, म्हणजे सुरक्षा धोरणाने पाहुण्याचा प्रवेश रोखलाय.

यावर सगळीकडे मिळणारा सल्ला असतो की लॅपटॉपवर पाहुण्याला परवानगी द्या आणि सही बंद करा. कृपया ते करू नका. एनएएसवर नाव-पासवर्डाची खाती काढा, पाहुण्याचा प्रवेश बंद करा, त्याच्या सेटिंगमध्ये एसएमबीची किमान आवृत्ती २ किंवा ३ करा आणि सही चालू करा. बहुतेक वेळा तेवढ्याने काम होतं. एनएएस इतका जुना असेल की त्याला फक्त एसएमबी १ येतं, तर त्यातला डेटा सर्व्हरवर हलवा आणि तो निवृत्त करा. एसएमबी १ पुन्हा चालू करणं हा उपाय मी कुणालाही सांगत नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम) याच दाराने जगभरच्या ऑफिसांत शिरलं होतं. मार्च २०१७ मध्येच त्या भोकावरचा पॅच आला होता, तरी ज्यांनी तो टाकला नव्हता त्यांच्या फायली गेल्या. त्याच वर्षीच्या विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून नव्या इन्स्टॉलेशनमध्ये एसएमबी १ आपोआप येत नाही, ते याच प्रकारच्या धोक्यासाठी.

टॅलीची तक्रार यात सगळ्यात सोपी. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून प्रोग्राम चालवला की विंडोज त्याच माणसाचं वेगळं, जास्त अधिकाराचं लॉगिन वापरतं. टोपणनाव पहिल्या लॉगिनला दिलेलं आहे, या दुसऱ्याला नाही, म्हणून एस दिसत नाही. खरा प्रश्न असा की टॅलीला अ‍ॅडमिनिस्ट्रेटर लागतंच का? बहुधा कुणीतरी इन्स्टॉल करताना शॉर्टकटवर ती खूण केली आणि ती राहून गेली. खूण काढून बघा. तरीही अडत असेल तर कॉन्फिगरेशनमध्ये डेटाची जागा एस कोलन न लिहिता सर्व्हरचा पूर्ण पत्ता द्या. दोन्ही लॉगिनना ड्राइव्ह दाखवणारं 'एनेबललिंक्डकनेक्शन्स' हे रजिस्ट्रीतलं सेटिंगही आहे, पण ते अगदी शेवटी. रात्री टास्क शेड्युलरने चालणाऱ्या बॅकअपलाही हेच लागू: त्यात एस ड्राइव्ह लिहू नका, पूर्ण पत्ता लिहा. कुणी लॉगिन नसताना एस नावाचं काही अस्तित्वातच नसतं, आणि बॅकअप महिनोन्‌महिने रिकामा जात राहतो. हे मी दोन ठिकाणी पाहिलंय, आणि दोन्हीकडे ते डिस्क गेल्यावरच कळलं. तुमच्या बॅकअपमधली एक फाइल आजच परत आणून बघा.

एस ड्राइव्ह लॉगिन स्क्रिप्टने येतो की ग्रुप पॉलिसीने, ते तुम्ही लिहिलेलं नाही. दोन्हीकडून येत असेल आणि वर हाताने मॅप केलेलाही असेल, तर तीन जण एकाच अक्षरासाठी भांडतात. ८५ तिथूनच येतो. एकच मार्ग ठेवा, शक्यतो ग्रुप पॉलिसीचा, आणि त्यात कृती 'अपडेट' ठेवा. 'रिप्लेस' दर वेळी ड्राइव्ह काढून पुन्हा जोडतं, त्या वेळी कुणाची फाइल उघडी असेल तर तिचं काम बिघडतं. पॉलिसी काही जणांनाच हवी म्हणून 'ऑथेंटिकेटेड यूझर्स' काढून टाकलं असेल, तर डेलिगेशनमध्ये 'डोमेन कॉम्प्युटर्स'ला फक्त वाचायची परवानगी परत द्या. जून २०१६ च्या सुरक्षा अपडेटपासून माणसाची पॉलिसीसुद्धा संगणकाच्या ओळखीने वाचली जाते. ती परवानगी नसेल तर पॉलिसी एररशिवाय, गुपचूप लागू होत नाही.

परवानग्यांचं थोडक्यात: शेअरची आणि फोल्डरची परवानगी यांत जी कडक ती चालते. एखाद्याला नव्या ग्रुपमध्ये घातलं तर त्याने लॉगऑफ करून परत आल्याशिवाय फरक दिसत नाही. हे माहीत नसल्याने 'एव्हरीवन, फुल कंट्रोल' देऊन टाकणारे बरेच. मग पगाराचं फोल्डरही सगळ्यांना उघडतं, आणि एका संगणकात शिरलेलं रॅन्समवेअर अख्खा एस ड्राइव्ह कुलूपबंद करतं. सर्व्हरचं फायरवॉल बंद करण्याबद्दलही माझं हेच म्हणणं. ४४५ अडत असेल तर सर्व्हरचं नेटवर्क 'पब्लिक' दाखवतंय का ते बघा. दाखवत असेल तर ते 'डोमेन' का होत नाही ते शोधा.

उद्या सकाळी फुली आलेल्या पहिल्या दोन संगणकांना कुणालाही हात लावू देऊ नका. त्यांच्यावर 'आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल' चालवून फोटो काढा, 'नेट यूज'चा आकडा लिहून घ्या आणि फुली न आलेल्या एका संगणकाचाही तसाच फोटो घ्या. तिन्ही मला पाठवा. 'डीएचसीपी सर्व्हर'समोर तुमच्या सर्व्हरचा आयपी नसेल, तर बाकी सगळं बाजूला ठेवा आणि आधी ते राउटर शोधा.